प्यू रिसर्चची वेबसाइट: युद्धाच्या पोलवरून घरात भांडण झालं म्हणून उघडली, तिचा हा रिव्ह्यू

रिव्ह्यू लिहायला बसलेय त्याचं कारण घरातलं एक भांडण आहे. या उन्हाळ्यात माझे दीर पुण्याहून दोन महिने आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला राहायला आले होते, बँकेतून रिटायर झालेत, आकडा पाठ असल्याशिवाय बोलायचं नाही असा स्वभाव, आणि एका रात्री जेवताना टीव्हीवर युद्धाची चर्चा चालू होती तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या इथल्या लोकांना युद्ध हवंच असतं. इराकच्या वेळी सत्तर टक्क्यांच्या वर पब्लिक बाजूने होतं, पोल काढून बघा." माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, भाऊजी, तेव्हा मी इथे होते, तुम्ही नव्हता. १५ फेब्रुवारी २००३ ला मी काही कामानिमित्त न्यूयॉर्कला गेले होते, हाडं गोठवणारी थंडी, आणि संध्याकाळी पेन स्टेशनवर युद्धविरोधी मोर्चातून परतणारी माणसंच माणसं, म्हाताऱ्या बायका, कॉलेजची पोरं, एका माणसाच्या खांद्यावर चारेक वर्षांची मुलगी आणि तिच्या गळ्यात मफलरने बांधलेला पुठ्ठ्याचा बोर्ड, त्याचे कोपरे ओलाव्याने वळले होते. ते डोळ्यांसमोर असताना मी सत्तर टक्के कसे मानू? मी म्हटलं पोल खोटे असतात. ते म्हणाले गर्दी म्हणजे देश नव्हे. दोघांचाही आवाज चढला, नवरा मध्ये पडला, जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. चहा झाल्यावर मीच लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही प्यू रिसर्च सेंटरची वेबसाइट उघडली. त्यानंतर दोन आठवडे रोज संध्याकाळी तासभर तरी आम्ही तिथेच होतो, म्हणून मनापासून लिहितेय.

आधी कामाचं. साइट फुकट आहे, जाहिराती नाहीत, रिपोर्ट वाचायला लॉगिन लागत नाही. ही लोकमताचे सर्व्हे करणारी नॉन-प्रॉफिट संस्था आहे, वॉशिंग्टनला ऑफिस, प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्सचा पैसा. इराक युद्धावर २००२ पासूनचं सगळं तिथे पडलंय. पण माझ्या मते खरा खजिना रिपोर्टमध्ये नाहीच, तो 'टॉपलाइन' नावाच्या एका साध्या पीडीएफमध्ये असतो. दिसायला अगदी रुक्ष, रंग नाहीत, चार्ट नाहीत. पण त्यात प्रत्येक प्रश्न जसा विचारला तसाच्या तसा, शब्दाला शब्द, कोणत्या प्रश्नानंतर कोणता आला त्या क्रमाने, तारीख, किती लोकांना विचारलं, आणि खाली तोच प्रश्न आधी कधी कधी विचारला होता आणि तेव्हा काय आलं ते सगळं ओळीने. माणसाने आपणहून जे उत्तर दिलं, म्हणजे पर्यायांत नव्हतं पण तो बोलला, त्याची वेगळी खूण असते. 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांचाही वेगळा आकडा असतो. बातमीत हे कुणी छापत नाही, बातमीत फक्त मोठा आकडा येतो.

आता ते भांडण मिटवणारी गोष्ट. जानेवारी २००३, म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या दोन महिने आधी, प्यूने विचारलं की सद्दाम हुसेनची सत्ता संपवण्यासाठी इराकमध्ये लष्करी कारवाई करायला तुमचा पाठिंबा आहे की विरोध. ६८ टक्के पाठिंबा, २५ टक्के विरोध. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, पण बघितलं. मग मी खाली गेले. त्याच सर्व्हेत तोच प्रश्न पुढे एक तुकडा जोडून विचारलेला आहे: अमेरिकेच्या सैन्यातली हजारो माणसं मारली किंवा जखमी झाली तरीसुद्धा? पाठिंबा ४३ टक्के. विरोध ४८.

तोच देश, तोच महिना. प्रश्नाला थोडेसे शब्द जोडले आणि पंचवीस टक्के माणसं गळाली. हे उदाहरण प्यूवाले स्वतःच प्रश्न कसे लिहावेत या पानावर देतात, लपवत नाहीत, म्हणून मला त्यांच्याबद्दल जास्तच आदर वाटला. भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे वहिनी, बहुमत दोन्हीकडे होतं." मला हे वाक्य फार लागलं कारण मी स्वतः पोल खोटे म्हणून मोकळी झाले होते, आणि ते खोटे नव्हतेच, ६८ खरे आणि ४३ पण खरे. आणि तो जोडलेला तुकडा काही उगाच घाबरवायला घातलेला नव्हता हो, पुढे इराकमध्ये अमेरिकेचे साडेचार हजारांच्या आसपास सैनिक जिवानिशी गेलेच. त्या प्रश्नात इराकी माणसांचं नाव नाही हे मात्र मला अजून टोचतं. एक लाखाच्या वर नागरिक गेले तिथे. विचारायचं तर ते पण विचारायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

मग भाऊजींच्या डोक्यातला तो सत्तरच्या वरचा आकडा कुठला ते शोधलं. तो गॅलप या दुसऱ्या पोल संस्थेचा होता, ७२ टक्के, पण २२-२३ मार्च २००३ चा, म्हणजे बॉम्ब पडायला लागल्यावरचा! युद्ध सुरू झालं २० मार्चला. रणगाडे वाळवंटातून निघालेत, शेजाऱ्याचा मुलगा तिकडे आहे, घराघरावर झेंडे, तेव्हा फोन करून विचारलं की बाजूने की विरोधात, तर माणूस काय म्हणणार? याला इथे 'झेंड्याभोवती गोळा होणं' म्हणतात आणि ते बऱ्याचदा होतं. ११ सप्टेंबर २००१ च्या आधी राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुशना गॅलपमध्ये ५१ टक्के पसंती होती, दोन आठवड्यांच्या आत ९०. इराकच्या वेळीही आठवड्याभरात ५८ वरून ७१. युद्धानंतरचा पोल युद्धाआधीच्या इच्छेचा पुरावा म्हणून देता येत नाही, तारीख बघायलाच पाहिजे. भाऊजींनी हे लगेच मान्य केलं, बँकेतला माणूस, व्हॅल्यू डेट (रक्कम लागू होते ती) आणि एंट्री डेट (नोंद होते ती) यातला फरक त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

गॅलपबद्दल पण थोडं लिहिते कारण आम्ही दोन्ही साइट शेजारी शेजारी उघडून वाचत होतो. गॅलप १९३५ पासूनची. १९३६ च्या निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने वीस लाखांवर मतपत्रिका गोळा करून रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार म्हणून छापलं, गॅलपने त्या मानाने मूठभर लोकांना विचारून रूझवेल्ट सांगितला, आणि रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. तेव्हापासून युद्धावरचे त्यांचे प्रश्न सलग आहेत आणि हीच त्यांची खरी ताकद. १९४० मध्ये जर्मनीविरुद्ध युद्धात पडावं का विचारलं तर अमेरिकेतली प्रचंड बहुसंख्या नको म्हणत होती, पण इंग्लंडला मदत करावी का, त्यात युद्धाचा धोका असला तरी, असं विचारलं की चित्र पार बदलायचं. (तेव्हाही हाच प्रकार बघा.) पर्ल हार्बर झाल्यावर ९७ टक्के लोक युद्ध पुकारल्याच्या बाजूने. व्हिएतनामला सैन्य पाठवणं चूक होती का, याला ऑगस्ट १९६५ मध्ये २४ टक्के हो म्हणाले, तीन वर्षांनी ऑगस्ट १९६८ मध्ये निम्म्याहून जास्त. इराक युद्धाबद्दल तोच प्रश्न: युद्ध सुरू झालं तेव्हा २३ टक्के, जून २००४ मध्ये ५४, एप्रिल २००८ मध्ये ६३. म्हणजे व्हिएतनामच्या वेळी जे व्हायला तीन वर्षं लागली ते इथे सव्वा वर्षात झालं. हा सगळा ट्रेंड गॅलपच्या इराकच्या पानावर फुकट दिसतो, पण त्याच्या खोलात जायचं, वय, राज्य, पक्ष असं फोडून बघायचं तर पैसे. प्यूवर आकड्यांची मूळ फाइलसुद्धा फुकट अकाउंट काढून उतरवता येते. या बाबतीत प्यू सरळ पुढे.

अर्थात ती फाइल उघडायला आमच्या दोघांच्या नाकी नऊ आले. स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरची फाइल असते, एक्सेलमध्ये नीट उघडत नाही. शेवटी मुलाने उघडून दिली. आकडेवारीशी संबंध नसलेल्या माणसासाठी त्यांनी साधी एक्सेल शीट ठेवावी ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार शोधण्याची. जुने रिपोर्ट आहेत पण सापडत नाहीत पटकन, २००३ चं शोधायला गेलं की अलीकडचं वर येतं, आणि जुन्या काही पानांचा लेआउट विस्कटलेला आहे, तक्ते एकात एक घुसलेत. तारीख घालून शोधा, नाहीतर कंटाळाल.

आता जरा माझ्या स्वतःबद्दल लिहायला लागणार आहे, ते टाळलं तर रिव्ह्यू प्रामाणिक होणार नाही.

वाचता वाचता आम्ही ब्रिटनवर गेलो. तिथे यूगव्ह नावाच्या पोल संस्थेने २०१५ मध्ये एक छान काम केलं होतं. २००३ मध्ये त्यांनी वीस-एकवीस वेळा विचारलं होतं की युद्ध योग्य की अयोग्य, सरासरी ५४ टक्के योग्य म्हणाले होते. बारा वर्षांनी विचारलं, तेव्हा तुमचं मत काय होतं? फक्त ३७ टक्के म्हणाले की आम्ही तेव्हा योग्य म्हणत होतो. बाकीचे कुठे गेले? कुठे गेले नाहीत, त्यांची आठवण बदलली. भाऊजी सहज म्हणाले, "आणि वहिनी तुम्ही? तुम्ही तेव्हा काय म्हणत होता?" मी म्हटलं मी पहिल्यापासून विरोधात. नवरा किचनमधून म्हणाला, "तू फोनवर हो म्हणाली होतीस."

मला धक्का बसला कारण मला तसं आठवतच नव्हतं. मग हळूहळू आठवलं. मार्च २००३, कुकरच्या दोन शिट्या झालेल्या, लँडलाइन वाजला, कुठल्यातरी सर्व्हेवाल्यांचा फोन (प्यू किंवा गॅलप नव्हते ते, नाव आता आठवत नाही आणि आठवलं असतं तरी लिहिलं नसतं). बाई भराभर वाचत होती. मी म्हटलं, युनोने परवानगी दिली तर. ती म्हणाली, मॅडम, बाजूने की विरोधात? मी परत म्हटलं की ते अवलंबून आहे. तिने तेच वाक्य तसंच परत वाचलं. तिसऱ्यांदा मी बाजूने म्हटलं आणि फोन ठेवून कुकर बंद केला. आपण नागरिक नाही, डिपेंडंट व्हिसावर आहोत, आपलं मत कोण मोजतंय असंही वाटलं होतं. पण हे सर्व्हे मतदारांचेच असतात असं नाही, बरेचसे इथे राहणाऱ्या सगळ्या सज्ञान माणसांचे असतात, म्हणजे मी त्या कुठल्यातरी सत्तर टक्क्यांत जाऊन बसले.

तरी मी म्हटलं की ती बाई घाई करत होती म्हणून. त्या रात्री झोप लागेना म्हणून जुन्या मेलबॉक्समध्ये सद्दाम शोधलं. सांगलीला ताईला पाठवलेली मेल सापडली, मार्च २००३ ची, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं मराठी. त्यात पेन स्टेशनवरच्या गर्दीचं एक वाक्य आहे, आणि त्याच्या खालीच मी लिहिलंय की काहीही म्हणा ताई, त्या सद्दामला काढल्याशिवाय इथे कुणाला शांत झोप लागणार नाही, एकदाचं होऊन जाऊदे. एकदाचं होऊन जाऊदे! माझेच शब्द. मोर्चातल्या माणसांना मी बघितलं होतं, एवढंच. त्यांच्यात मी नव्हते. वीस वर्षांत मी स्वतःला त्यांच्यात नेऊन उभं केलं होतं. सकाळी मी ती मेल भाऊजींना वाचून दाखवली. ते म्हणाले, "असू द्या वहिनी, आमच्या घरात मी पण तेव्हा काय काय बोललोय."

म्हणून मला त्या रुक्ष टॉपलाइनचं एवढं कौतुक आहे. तिथे २००३ चं उत्तर २००३ च्या प्रश्नाला चिकटून बसलंय, माझ्यासारखं सरकत नाही. प्यूच्याच एका ट्रेंडमध्ये बघा, युद्धाचा निर्णय बरोबर होता असं मार्च २००३ अखेर ७१ टक्के म्हणत होते, मार्च २००८ मध्ये ३८ बरोबर आणि ५४ चूक, आणि २०१८ मध्ये ४३ बरोबर, ४८ चूक. हा शेवटचा आकडा थोडा परत वर गेलाय ते बघून मी खूप वेळ विचार करत बसले, दहा वर्षांत काय विसरलं गेलं असेल याचा.

फक्त प्यूवर अवलंबून राहू नका हेही सांगते, कारण माणूस काय ठरवतो याच्या आधी त्याला काय माहीत आहे हे विचारावं लागतं. ऑगस्ट २००३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या पोलमध्ये ६९ टक्के लोकांना वाटत होतं की ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दामचा स्वतःचा हात असण्याची शक्यता आहे. त्याच वर्षी मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या लोकांनी तीन चुकीच्या समजुती तपासल्या: अल कायदाशी संबंध सापडला, विनाशक शस्त्रं सापडली, जगाचा पाठिंबा होता. ६० टक्के लोकांची यातली निदान एक तरी समजूत होती, आणि बातम्या मुख्यतः फॉक्स न्यूज चॅनेलवर बघणाऱ्यांत ८० टक्के, तर तेव्हा थोडीफार सरकारी मदत मिळणाऱ्या सार्वजनिक रेडिओ-टीव्हीवाल्यांत २३. हे वाचल्यावर ६८ टक्क्यांकडे बघायची नजरच बदलते. युद्ध सुरू व्हायच्या आधी सीबीएस चॅनेल आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या पोलमध्ये बहुसंख्य लोक असंही म्हणत होते की इराकमध्ये शस्त्रं शोधणाऱ्या युनोच्या इन्स्पेक्टरांना अजून वेळ द्या. तेही बातम्यांत आलं, पण दुसऱ्या दिवशी विसरलं गेलं.

भाऊजींचा एक मुद्दा शेवटपर्यंत टिकला, तो म्हणजे सरकार पोल बघून युद्धाला जातं हे खरं नाही. स्पेनमध्ये सरकारी संस्थेच्याच फेब्रुवारी २००३ च्या सर्व्हेत ९१ टक्के लोक युद्धाच्या विरोधात, तरी पंतप्रधान अझनार बुशच्या बाजूने उभे राहिले. उलट तुर्कस्तानच्या संसदेत १ मार्चला अमेरिकन सैन्याला वाट द्यायच्या ठरावाला २६४ मतं बाजूने आणि २५० विरोधात पडली, तरी गैरहजर न राहता तटस्थ राहिलेल्यांमुळे लागणारं बहुमत झालं नाही आणि ठराव पडला. आपल्या लोकसभेने ८ एप्रिलला इराक युद्धावर एकमताने ठराव केला तेव्हा तर शब्दावरूनच खल झाला होता, हिंदीत 'निंदा' आणि इंग्रजीत 'डिप्लोर' (तीव्र नापसंती), भाऊजींना ते पक्कं आठवत होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की अर्थ केवढा बदलतो हे आपल्या संसदेला कळत होतं, मग पोलचा प्रश्न न वाचता आकडा कसा काय फेकतो आपण एकमेकांच्या तोंडावर?

एक अडचण मात्र प्यूच्या हातातली नाही. १९९७ मध्ये त्यांनी शंभर नंबर लावले तर ३६ ठिकाणी मुलाखत व्हायची, २०१८ मध्ये ६. लोक फोनच उचलत नाहीत, मी पण अनोळखी नंबर उचलत नाही. म्हणून आता त्यांनी पत्त्यावर पत्र पाठवून निवडलेल्या लोकांचं ऑनलाइन पॅनेल केलंय. माणसाशी बोलताना आणि स्क्रीनवर टिक करताना उत्तर वेगळं येऊ शकतं, त्यामुळे २००३ चा फोनवरचा आकडा आणि आजचा ऑनलाइन आकडा सरळ एका रेषेवर ठेवू नका, मेथडॉलॉजीच्या पानावर ते हे स्वतः लिहितात. आणि हजार-दीड हजार लोकांच्या सर्व्हेत तीनेक टक्के इकडेतिकडे धरायचेच, त्यामुळे ४८ विरुद्ध ४६ वरून घरात भांडू नका.

मराठीत मात्र आम्हाला तिथे काही सापडलं नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातल्या धर्मावरचा त्यांचा सर्व्हे जवळपास ३०,००० लोकांना १७ भाषांत समोरासमोर बसून विचारून केला होता. विचारताना आपल्या भाषेत येता, तर निष्कर्ष पण आपल्या भाषेत सहज सापडतील असे ठेवा की, भाऊजींसारखे कितीतरी लोक वाचतील.

माझ्याकडून साडेचार स्टार. अर्धा कापला तो जुन्या पानांसाठी आणि त्या फाइलसाठी. आणि प्यूवाल्यांपर्यंत हे कुणी पोचवू शकत असेल तर प्लीज सांगा की टॉपलाइनची लिंक रिपोर्टच्या अगदी वर, हेडलाइनच्या खाली आणा, पहिल्या दिवशी ती शोधायला आम्हाला पाऊण तास लागला आणि तोवर भाऊजी रागावून फिरायला निघून जाणार होते.